सोलापुरात चालतं ते सिंगापुरात चालेलच असं नाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. येत्या मे महिन्यात मी आणि यजमान एका टूरबरोबर सिंगापूर-मलेशियाला निघालोय. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. इथून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथून विमान. पैसे भरले त्या दिवसापासून यजमानांना एकच नाद लागलाय. रात्री जेवण झालं की मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि ‘प्रवासाला हे पाहिजेच’ म्हणून मागवायचं. दर दोन दिवसांनी दारात पार्सल. आतापर्यंत उन्हावर चार्ज होणारी तीस हजार एमएएच क्षमतेची पॉवर बँक, सगळ्या देशांत चालणारा अ‍ॅडॉप्टर, घडीची किटली, मानेची उशी, गळ्यात घालायचा पंखा, बॅग शोधायचा टॅग, बॅग तोलायचा काटा, लगेच वाळणारा टॉवेल आणि त्यांच्या इन्सुलिनसाठी पाण्यात भिजवायची थंड पिशवी, एवढं घरात आलंय. आता भाषांतर करणारं यंत्र घ्यायचं म्हणतात, ते आठ हजारांच्या घरात आहे. मी काही बोलले की ‘तिकडं काही अडलं तर कुणाला विचारणार?’ म्हणतात आणि मग दोन दिवस अबोला. यातलं काय ठेवू, काय परत पाठवू? आणि यांना समजावू कसं?

— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर :

बाई, नमस्कार. तुम्ही शाळेत शिकवलंय, म्हणून ‘बाई’च म्हणते.

तुमच्या यादीत इन्सुलिनची पिशवी सगळ्यात शेवटी आली आहे, तीही टॉवेलच्या मागे. मी तिथूनच सुरुवात करणार आहे. बाकीची एखादी वस्तू चुकली तर पाचशे-हजार रुपये जातील. इथे चूक झाली तर यजमानांची साखर वर-खाली होईल, आणि तीही परक्या गावात.

ही पिशवी काम कशी करते ते आधी बघू. तिच्या अस्तरात पाणी शोषणारे बारीक दाणे असतात. पाच-दहा मिनिटं पाण्यात बुडवली की दाणे फुगून जेलीसारखे होतात. मग ते पाणी कापडातून हळूहळू उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आपल्या माठात जे घडतं, अगदी तेच. ना बर्फ, ना वीज. म्हणजे आजूबाजूची हवा पाणी ओढून घ्यायला जितकी तहानलेली, तितकी पिशवी गार.

आता एप्रिल-मे मधली सोलापूरची दुपार आठवा. पारा ४१-४२ वर आणि हवा इतकी कोरडी की गॅलरीत टाकलेला पंचा बघता बघता कडक होतो. यजमानांनी पिशवी घरी भिजवून पाहिली असेल तर ती मस्त गार लागली असणार, आणि त्यांचा तिच्यावर विश्वासही बसला असणार. पण सिंगापूरच्या हवेत वर्षभर सरासरी ८० टक्क्यांच्या वर दमटपणा असतो. तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, ती आणखी पाणी घेणार कुठून? पिशवी ओलीच राहते. बाहेर ३१-३२ असेल तर आत जेमतेम दोन-चार अंश उतरतात. दिवसभर ओली राहिल्यानं तिला कुबट वासही येऊ शकतो.

मग ती परत करायची का? नाही. ठेवाच. फक्त तिचा खरा उपयोग तिकडे नसून इकडे आहे, हे यजमानांना सांगा. बहुतेक इन्सुलिनच्या न उघडलेल्या पेनला (सुई लावून टोचायच्या कांडीला) २ ते ८ अंश लागतात, पण वापरात काढलेलं पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चांगलं राहतं. नेमकी मर्यादा तुमच्या औषधाच्या खोक्यावर किंवा आतल्या कागदावर छापलेली असते. प्रत्येकाची थोडी वेगळी असते, म्हणून ती वाचून वहीत लिहून ठेवा. तुमची टूर चार आठवड्यांची नक्कीच नसेल. सिंगापूरचं हॉटेल, मॉल, बस सगळीकडे एसी. म्हणजे तिथे औषध सांभाळणं तितकं अवघड नाही. औषधाला खरा धोका आपल्याच गावात आहे: मे महिन्यातलं घर, दुपारभर उन्हात उभी राहिलेली रिक्षा किंवा गाडी, स्टेशनवरची वाट पाहणं, आणि परतीच्या दिवशी गाडी उशिरा आली तर भर दुपारचा प्रवास. या टप्प्यात ती पिशवी सोन्यासारखी उपयोगी पडेल. पण ती बॅगेच्या तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची नाही. हवा लागली नाही तर ती नुसती ओली पिशवी. हँडबॅगच्या बाहेरच्या कप्प्यात, चेन थोडी उघडी ठेवून ठेवायची.

उन्हाची भीती सगळ्यांना कळते. थंडीनं इन्सुलिन बिघडतं ते मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी वापरायचं नाही. म्हणून ते कधीही चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात तापमानाचा भरवसा नसतो. बर्फाच्या पॅकला थेट चिकटवून ठेवू नका. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला लागून ठेवू नका, तिथे बर्फ धरतो. दाराच्या कप्प्यात ठेवा. आणि सगळी पेनं एकाच पर्समध्ये नकोत. निम्मी त्यांच्याकडे, निम्मी तुमच्याकडे. सुया, ग्लुकोमीटर, साखर तपासायच्या पट्ट्या यांचंही तसंच. पट्ट्यांच्या डबीचं झाकण दमट हवेत उघडं राहिलं तर पट्ट्या खराब होऊन आकडा चुकीचा येऊ शकतो, तेव्हा पट्टी काढली की लगेच झाकण. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. डोसच्या वेळा कशा सरकवायच्या हे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, विमानात बसून ठरवू नका.

आता पॉवर बँक. ही मात्र परत करा, आणि परतीची मुदत संपण्याआधी करा. यात माझ्या मनात जराही शंका नाही.

कारण साधं आहे. विमानात बॅटरी किती मोठी चालते ते एमएएचवर नाही, वॉट-अवरवर, म्हणजे तिच्यात एकूण किती वीज साठते त्यावर ठरतं. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी केबिन बॅगेत नेता येते. त्याच्या वर १६० पर्यंत नेण्यासाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते. हिशेब असा: एमएएचला ३.७ नं गुणायचं आणि हजारानं भागायचं. तीस हजार गुणिले ३.७ म्हणजे १११ वॉट-अवर. तुमच्या घरात आलेली पॉवर बँक मुंबईच्या सुरक्षा तपासणीत काढून ठेवायला लावली जाण्याचीच शक्यता जास्त. वीस हजारची ७४ भरते, दहा हजारची ३७. या दोन्ही निर्धोक जातात. कितीही लहान असली तरी पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही.

तिच्यावरच्या सोलर पट्टीचाही हिशेब करू. तळहाताएवढ्या पट्टीतून रखरखीत उन्हात फार तर दीड वॉट मिळतात. १११ वॉट-अवर भरायला साधारण ७५ तास कडक ऊन लागेल, म्हणजे रोज सहा-सात तास धरले तर अकरा-बारा दिवस. ऊन द्यायला सोलापूर कधी कमी पडत नाही, पण त्याच उन्हात लिथियमची बॅटरी तापते आणि तापणं हे तिच्या आयुष्याला आणि सुरक्षिततेलाही वाईट. पट्टीवरून चार्ज करायची तर बॅटरी उन्हात ठेवावी लागते आणि उन्हात तर ठेवू नये, अशी ही वस्तू आहे. तिच्यावर पैसे घालवू नयेत असं मी सगळ्याच वाचकांना सांगेन.

पॉवर बँक हवी मात्र. दहा हजार एमएएचची, माहितीतल्या कंपनीची, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेली घ्या. खोक्यावर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ लिहिलेली असते. दहा हजारच्या बँकेवर तो आकडा सहा हजारांच्या आसपास दिसेल. त्यात फसवणूक नाही, आतल्या बॅटरीच्या विजेचा दाब (व्होल्टेज) वाढवून फोनला देताना तेवढं कमी होतंच. पाच हजार एमएएचचा फोन त्यावर एकदा पूर्ण आणि वर थोडा भरतो. दिवसभर फोटो काढणाऱ्या दोन माणसांना ते पुरतं, कारण रात्री हॉटेलात सॉकेट आहेच.

विमानात बसल्यावर पॉवर बँक वापरू नका. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला उड्डाणाआधी आग लागली आणि तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर नियम कडक झाले. सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून प्रवासात पॉवर बँकेनं फोन चार्ज करायलाही आणि विमानाच्या सॉकेटवर पॉवर बँक चार्ज करायलाही मनाई केली आहे. इतर अनेक कंपन्यांनीही तसंच केलं. तुमचं तिकीट ज्या कंपनीचं आहे तिचा नियम निघण्याच्या आठवड्यात एकदा पाहून घ्या, हे नियम बदलत राहतात.

आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसचं लक्षात ठेवा. रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याच्या सूचना रेल्वेत आहेत. फोन घरूनच पूर्ण भरून निघा. ‘गाडीत लावू’ म्हणून ठेवलं तर सकाळी मुंबईत उतरताना, विमानाचं तिकीट मोबाईलवर आणि मोबाईल बंद, अशी वेळ येते.

किटली. यजमानांना चहाची तलफ असणार आणि त्यात गैर काहीच नाही. पण ही किटली गाडीत वापरायची कल्पना असेल तर ती पूर्ण सोडा. रेल्वेच्या डब्यात किटली किंवा शेगडी लावणं हा गुन्हा आहे. डब्यातले सॉकेट मोबाईल आणि लॅपटॉपसाठी असतात, बरेचसे ११० व्होल्टचे. किटली २३० व्होल्टची. निम्म्या दाबावर तिची ताकद निम्मी होत नाही, चौथाईवर येते. पाणी उकळायला युगं लागतील आणि वायरवर भार येईल तो वेगळाच. सिंगापूर-मलेशियाच्या टूरच्या हॉटेलांत खोलीत किटली बहुतेक ठिकाणी असतेच. टूर कंपनीला एक फोन करून खात्री करा. ‘आहे’ म्हणाले तर ही परत. चहाची पुडी, दूध पावडर आणि साखरेऐवजी ते जे घेतात ते, एवढं बरोबर न्या. उद्या तुम्ही युरोपला निघालात तर हीच किटली उपयोगी ठरेल, तिकडे दाब २३० चाच आहे आणि अनेक हॉटेलांत किटली नसते. जपानला निघालात तर नाही, तिथे १०० व्होल्ट. वस्तू तीच, गाव बदललं की किंमत बदलते.

अ‍ॅडॉप्टरचंही असंच. सिंगापूर आणि मलेशिया दोन्हीकडे एकच सॉकेट आहे: तीन चौकोनी पिनांचं, इंग्लंडसारखं, आणि बहुतेक वेळा बटण असलेलं. दाब आपल्यासारखाच २३०-२४०. म्हणजे तुम्हाला फक्त पिनेचा आकार बदलणारा साधा तुकडा हवा. नवी पेठेत इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘चौकोनी तीन पिनांचा, आत आपला प्लग बसणारा’ म्हणून मागा. शे-दोनशे रुपयांत मिळतो. सगळ्या देशांचा तो डबा वाईट असतो असं नाही, देशोदेशी फिरणाऱ्याला बरा पडतो. पण त्याच्या सरकत्या पिना ढिल्या होतात, तो जड असतो, सॉकेटमधून खाली ओघळतो, आणि सकाळी घाईत कुठली पिन बाहेर काढायची यावरून तुमच्यात पुन्हा वाद होईल. तो परत करा, साधे दोन तुकडे घ्या.

त्याच्या जोडीला एक गोष्ट न्या, जी कुठल्याही व्हिडिओत दाखवत नाहीत: घरातला लहानसा एक्स्टेन्शन बोर्ड. चांगल्या वायरचा, तीन-चार सॉकेटचा. एक अ‍ॅडॉप्टर भिंतीत, त्यात आपला बोर्ड, आणि बोर्डात दोघांचे फोन आणि पॉवर बँक, सगळं आपल्या नेहमीच्या प्लगांनी. हॉटेलात सॉकेट कपाटाच्या मागे असलं तरी वायर पुरते. फक्त त्यावर इस्त्री किंवा किटली लावायची नाही, मोबाईलचा भार तेवढा चालतो. चार्जरवर ‘इनपुट १००-२४० व्होल्ट’ असं छापलंय का ते चष्मा लावून एकदा बघा. असेल तर तो जगात कुठेही चालेल. आणि दोन पिनांचा प्लग तिकडच्या सॉकेटमध्ये पेनाच्या टोकानं वरचं झाकण दाबून घुसवायची जी युक्ती सांगतात, ती करू नका. ते झाकण सुरक्षेसाठीच ठेवलेलं असतं.

बॅग तोलायचा काटा ठेवा. तुमच्या यादीत पैसे वसूल होणारी ही सगळ्यात सरळ वस्तू आहे. जाताना घरच्या वजनकाट्यावर बॅग घेऊन आणि बॅगेशिवाय उभं राहून भागतं. येताना हॉटेलच्या खोलीत काटा नसतो, आणि सिंगापूरच्या मुस्तफा सेंटर या मोठ्या दुकानातून नातवंडांसाठी काय काय घेतलंय ते तोवर बॅगेत बसलेलं असतं. विमानतळाच्या काउंटरवर बॅग उघडून, मागे रांग उभी असताना, चॉकलेटं या बॅगेतून त्या बॅगेत टाकणं फार जिवावर येतं. घरी एकदा पाच किलोची तांदळाची सीलबंद पिशवी अडकवून काटा खरा आहे का ते पाहा. दोन-तीनशे ग्रॅम इकडे-तिकडे चालेल. मर्यादेच्या अर्धा किलो आतच थांबा.

बॅगेचा टॅग ठेवायचा की नाही, हे दोन प्रश्नांवर आहे. तो कुठल्या फोनवर चालतो? अ‍ॅपल कंपनीचा एअरटॅग असेल तर आयफोन लागतो. तुमचे फोन अँड्रॉइडचे असतील तर तो कामाचा नाही, अँड्रॉइडच्या जाळ्यावर चालणारा टॅग घ्यावा लागेल. दुसरं, खोक्यावर काय लिहिलंय? या टॅगमध्ये जीपीएस नसतं. जवळून जाणाऱ्या लोकांच्या फोनना तो हळूच खूण देतो आणि ते फोन त्याची जागा कळवतात. त्यामुळे सिंगापूरच्या विमानतळावर, जिथे फोनच फोन आहेत, तो उत्तम चालतो. रात्री कुर्डुवाडी-दौंडच्या मधल्या माळावर तो बराच वेळ गप्प राहील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन-तीनशे रुपयांना ‘जीपीएस ट्रॅकर’ म्हणून जे मिळतात त्यातले बहुतेक नुसते ब्लूटूथचे असतात, दहा-पंधरा पावलांपलीकडे मुके. तो असेल तर परत. चांगल्यातला असेल तर मोठ्या बॅगेत ठेवा. गाडीत मात्र बॅगेला टॅगपेक्षा साखळी आणि कुलूप बरं. सीटखालच्या कड्याला बांधून निवांत झोपा.

टॉवेल परत करा. बाई, आपण सोलापूरकर. टेरी टॉवेल आणि चादरीला या गावच्या नावानं जीआय मानांकन मिळालेलं आहे, आणि आपण बाहेरून मायक्रोफायबरचा चिंधीवजा टॉवेल मागवायचा, याचं मला खरंच वाईट वाटतं. हॉटेलात टॉवेल मिळतोच. हाताशी हवा असेल तर घरातला पातळ पंचा घ्या. दमट हवेत जाड टॉवेल वाळत नाही, पंचा रात्रीत वाळतो, आणि डोक्यावर, गळ्यात, मांडीवर कुठेही चालतो.

गळ्यातला पंखा म्हणाल तर, इथल्या ४२ अंशांत तो गरम हवाच तोंडावर मारतो. तिकडच्या ३१-३२ मध्ये घामावर वारा लागून थोडं बरं वाटेल. घेऊन ठेवलाच आहे आणि परत जात नसेल तर राहू द्या, पण त्यातही बॅटरी आहे, तेव्हा तोही केबिन बॅगेतच. मानेच्या उशीचं उत्तर यजमानांच्या मानेनंच द्यायचं. घरी सरळ पाठीच्या खुर्चीत ती घालून त्यांना अर्धा तास बसवा. मुंबई ते सिंगापूर साधारण साडेपाच तास आहेत. मान पुढे ढकलली जात असेल तर उशी उलटी, जाड भाग हनुवटीखाली येईल अशी घालून बघा. तरी बरं वाटलं नाही तर ती नेऊ नका. हवा भरायची असेल तर उत्तमच, जागा घेत नाही.

भाषांतराचं यंत्र घेऊ नका. सिंगापूरमध्ये इंग्रजी ही राज्यकारभाराची भाषा आहे. मँडरिन, मलय आणि तमिळ याही अधिकृत आहेत, पण पाट्यांपासून दुकानदारापर्यंत इंग्रजी सगळीकडे चालतं. मलेशियात पर्यटकांच्या वाटेवर तेच. तुम्ही टूरबरोबर आहात, मॅनेजर मराठीत बोलणारा असेल. जे यंत्र आठ हजारांत करतं ते यजमानांच्या फोनमधलं फुकटचं अ‍ॅप करतं.

पण आता मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे, कारण तुमच्या पत्रातलं त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ‘तिकडं काही अडलं तर कुणाला विचारणार?’ बाई, हे खरेदीचं वेड नाही. मधुमेह असलेला माणूस पहिल्यांदा देश सोडून निघालाय आणि त्याच्या पोटात गोळा आलाय. सोलापुरात साखर खाली गेली तर कुठल्या डॉक्टरांना उठवायचं, कुणाच्या गाडीतून जायचं, सगळं त्यांना पाठ आहे. तिकडे यातलं काहीच नाही. ती भीती ते तुमच्याजवळ बोलून दाखवत नाहीत, पार्सलं मागवतात. म्हणून ‘कशाला हवंय हे’ असं तुम्ही म्हटलं की त्यांना वाटतं, हिला माझ्या काळजीची किंमत नाही. अबोला तिथून येतो.

तेव्हा वस्तूंवरून वाद घालू नका. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांनाच शोधायला लावा. यंत्राचे आठ हजार वाचतायत, त्यातून दोन गोष्टी करा. पहिली, प्रवास विमा. टूरच्या पॅकेजमध्ये विमा असेल, पण त्यात आधीपासूनच्या आजारासाठी, म्हणजे मधुमेहासाठी, किती आणि कुठल्या परिस्थितीत पैसे मिळतात ते वाचायला हवं. बरेच स्वस्त विमे तिथे हात वर करतात. कलम वाचून, विमा कंपनीला फोन करून, लेखी उत्तर मागवण्याचं काम यजमानांना द्या. गरज वाटली तर वरचे पैसे भरून चांगला विमा घ्या आणि त्याचा चोवीस तासांचा मदतीचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये आणि एका कागदावर लिहून ठेवा. दुसरी, दोघांच्याही फोनला तिकडे चालणारं रोमिंग किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम). एकाच फोनवर दोघं विसंबून राहिलात आणि गर्दीत चुकामूक झाली तर अ‍ॅपही नाही आणि फोनही नाही.

आणि एक रंगीत तालीम करा. निघायच्या आधी एका रविवारी, मुद्दाम, अक्कलकोटला जाऊन या. जी हँडबॅग विमानात नेणार तीच, जशी भरणार तशीच भरून. इन्सुलिन पिशवीत, पट्ट्या, पॉवर बँक, चष्मे, बिस्किटं, साखरेची पुडी. एसटीनं जा, गाडी काढू नका. सकाळी नाश्त्याआधी साखर तपासायची ती वाटेत तपासा. संध्याकाळी घरी आल्यावर बॅग पलंगावर ओता आणि दिवसभरात कुठल्या वस्तूला हात लागला नाही ते यजमानांनाच बघू द्या. औषधं आणि कागदपत्रं सोडून ज्याला हात लागला नाही ते त्यांच्याच हातानं बाजूला निघेल. तुम्हाला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

परत करायच्या वस्तू आजच वेगळ्या काढा: पॉवर बँक, सगळ्या देशांचा अ‍ॅडॉप्टर, टॉवेल, आणि हॉटेलच्या उत्तरावर किटली. परतीची मुदत प्रत्येक वस्तूला वेगळी असते, काही वस्तू खोकं फोडल्यावर फक्त बदलून मिळतात. मोबाईलवर ऑर्डर उघडून प्रत्येकाची तारीख बघा, जिची सगळ्यात जवळ ती आधी.

आणि डॉक्टरांचं पत्र या आठवड्यातच घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नको. लेटरहेडवर, इंग्रजीत. पासपोर्टवर आहे तसंच यजमानांचं नाव, मधुमेहाचं निदान, इन्सुलिनचं मूळ औषधी नाव आणि रोजचा डोस, आणि पेन, सुया, ग्लुकोमीटर सोबत ठेवणं गरजेचं असल्याचा उल्लेख. फक्त ब्रँडचं नाव लिहून घेऊ नका, तिकडच्या औषध दुकानात तो ब्रँड वेगळ्या नावानं असू शकतो. शिक्का, सही, दोन प्रती. एक इन्सुलिनबरोबर त्यांच्या हँडबॅगेत आणि दुसरी तुमच्या पर्समध्ये, पासपोर्टच्या शेजारी. दोघांच्या फोनमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवा.